कच्च्या लिंबापासून दर्भाच्या कावळ्यापर्यंत

माणसाचे मूल जन्मते तेव्हा त्याला रडता येते, दूध ओढता येते आणि तळहाताला लागलेले बोट घट्ट धरता येते. बाकी सारे शिकवावे लागते. चारचौघांत कसे वागावे हे शिकण्याच्या प्रक्रियेला समाजशास्त्रज्ञ सामाजिकीकरण म्हणतात, घरातली माणसे वळण म्हणतात. शास्त्रज्ञांच्या मते ती जन्मापासून मरणापर्यंत चालते. घरच्यांच्या मते ती पाचव्या वर्षी पूर्ण व्हायला हवी होती. झाली नसेल तर दोष मुलाच्या आईकडच्यांचा की वडिलांकडच्यांचा, हे कोण बोलते आहे त्यावर ठरते.

या विद्येचा अभ्यासक्रम छापील मिळत नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी 1906 साली लोकरीतींवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. बहुतेक रीती कोणी विचार करून ठरवलेल्या नसतात, त्या सवयीने पडतात आणि मग त्या पाळणे हेच योग्य असे सगळ्यांना वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे. साहजिकच शिकवायची वेळ येते तेव्हा शिकवणाऱ्यालाही नियम नीट सांगता येत नाही. समोरच्याने तो आत्ता मोडला, एवढेच त्याला खात्रीने कळते. म्हणून या शिक्षणात परीक्षा आधी होते, निकाल लगेच लागतो आणि धडा, मिळालाच तर, घरी गेल्यावर मिळतो.

नियम लिहून काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. युरोपात इरॅस्मस या पंडिताने 1530 साली मुलांच्या शिष्टाचारावर एक पुस्तिका लिहिली आणि नाक बाहीला पुसू नये हेही त्यात सांगितले. महाराष्ट्रात समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात अधिक पक्की युक्ती योजली. शहाण्याने कसे वागावे हे सांगण्याआधी त्यांनी पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणे मोजून दिली: स्वतःची स्तुती करणारा, वाडवडिलांची कीर्ती सांगत फिरणारा, आणि अशी पुष्कळ. यादी वाचताना प्रत्येक वाचकाला कोणी ना कोणी नातेवाईक आठवतो, त्यामुळे ती तीनशे वर्षांहून अधिक काळ आवडीने वाचली जाते आहे. याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची लक्षणे आहेत. पहिली यादी फक्त इतरांसाठी आहे असे समजणाऱ्यांची सोय समर्थांनी तिथे केलेली दिसते.

घरात मात्र दासबोध उघडायला वेळ नसतो. तिथले मुख्य शैक्षणिक साधन म्हणजे आईचे डोळे. पाहुण्यांनी भरलेल्या खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत, पाहुण्यांना पत्ता लागू न देता, ते काम करतात. चार वर्षांच्या मुलाला अक्षरओळख नसते, पण ‘दुसरं बिस्कीट घेऊ नकोस’, ‘पाय खाली घे’ आणि ‘पाहुणे जाऊ देत, मग बघते’ हे तीन वेगवेगळे डोळे त्याला बिनचूक वाचता येतात. तिसऱ्या प्रकारच्या डोळ्यांबरोबर ओठांवर हसू असते. त्यावरूनच तो ओळखायचा.

याच सुमारास मूल दुसऱ्याच्या नजरेतून स्वतःकडे पाहायला शिकते. चार्ल्स हॉर्टन कूली यांनी 1902 साली या आरशातल्या ‘मी’चे वर्णन केले: आपण समोरच्याला कसे दिसतो याची आधी कल्पना करायची, त्याचे आपल्याविषयी काय मत झाले असेल याची मग कल्पना करायची, आणि त्यानुसार अभिमान किंवा लाज वाटून घ्यायची. दीड-दोन वर्षांचे मूल धावताना पडते तेव्हा हा सिद्धांत घरबसल्या पडताळता येतो. मूल लगेच रडत नाही. ते आधी मान वर करून इकडेतिकडे बघते. कोणी पाहिले नसेल तर उठून चालू लागते. आजीने पाहिले असेल तर मात्र भोकाड पसरते, आजी धावत येते, त्याला उचलते आणि ‘हात् मेली फरशी’ म्हणून फरशीला दोन चापट्या मारते. पडणाऱ्याचा कधी दोष नसतो, फरशीचा असतो, हा धडा इथे पक्का होतो. पुढे कचेरीत आणि राजकारणात तो फार उपयोगी पडतो.

नातेवाचक शब्दांचा धडा त्यामानाने अवघड. जगातला प्रत्येक अनोळखी पुरुष काका असतो: रिक्षावाले काका, वॉचमन काका, इंजेक्शन देणारे डॉक्टर काका. बायकांच्या बाबतीत ताई, मावशी, काकू आणि आजी अशा चार पायऱ्या आहेत आणि एक पायरी चुकली तर क्षमा नाही. पंचविशीतल्या शेजारणीला ‘काकू’ म्हणणाऱ्या मुलाला त्या क्षणी कोणी काही बोलत नाही. शेजारीण हसते, आईही हसते. मुलाला चूक कळते ती दोघींच्या हसण्यातल्या फरकावरून.

घरच्या शिक्षणातला सर्वांत किचकट प्रयोग पाहुणे निघताना दारात होतो. पाहुण्या मावशी चपला घालता घालता थांबतात आणि पर्सचा आतला कप्पा उघडतात. चेनचा आवाज ऐकताच, नोट बाहेर यायच्या आधीच, आई म्हणते, ‘अहो, कशाला, कशाला!’ मुलाने दोन्ही हात पाठीमागे न्यायचे असतात. मावशी नोट पुढे करतात. आई म्हणते, ‘घेऊ नकोस रे.’ नवखे मूल इथे हमखास घसरते. ते एक तर पटकन नोट घेते, नाही तर आईचा शब्द खरा मानून खोलीत पळून जाते. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण मग मावशींना नोट हातात घेऊन उभे राहावे लागते आणि पुढे काय करायचे हे कोणालाच माहीत नसते. जाणते मूल नकार देते तो दिसेल इतका ठाम आणि टिकणार नाही इतका लेचापेचा. साधारण तिसऱ्या खेपेला ‘अगं, खाऊला देतेय, तुला नाही’ असे म्हणत मावशी नोट त्याच्या खिशात कोंबतात. आई हताश चेहऱ्याने म्हणते, ‘बरं घे, एवढं म्हणतायत तर. नमस्कार कर.’ दार बंद होते. आईचा तळहात पुढे येतो: ‘आण इकडे, हरवशील.’ नोट आईच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात जाते, आणि किती रुपयांची होती हे तिच्या डोक्यात, कारण मावशींच्या मुलीला पुढच्या भेटीत तेवढी तरी द्यावीच लागणार असते. भेट द्यावी लागते, घ्यावी लागते आणि फेडावी लागते, असा तिहेरी नियम फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी 1925 साली दूरदूरच्या समाजांच्या अभ्यासातून मांडला. त्यात मुलाची भूमिका दोन पर्समधल्या खिशाची असते, ही नोंद मात्र राहून गेली.

सांगून शिकवलेले थोडे आणि बघून शिकलेले फार, हे अल्बर्ट बांडुरा यांनी 1961 साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत प्रयोगाने दाखवले. मोठ्या माणसाने एका फुगीर बाहुल्याला बदडताना पाहिलेली मुले संधी मिळताच त्याला तसेच बदडू लागली, हातोडीसकट. महाराष्ट्रात हे काम भातुकली आणि शाळा-शाळा हे दोन खेळ पूर्वीपासून करत आले आहेत. शाळा-शाळा खेळणारी पहिलीतली मुलगी ओढणीचा पदर खोचते, पट्टी हातात घेते आणि व्हरांड्याच्या खांबांना ओळीने विचारते, ‘गृहपाठ कुठाय?’ खांब बोलत नाहीत. ‘तोंड शिवलंय का?’ असे म्हणून ती प्रत्येकाला दोन पट्ट्या देते. बाईंनी वर्गात कविता किती सुंदर शिकवली ते या खेळात कधी येत नाही. भातुकलीतही पोळ्या खोट्या असतात, पण ‘मला मेलीला कोण विचारतंय’ हे वाक्य घरात ज्या सुरात म्हटले जाते त्याच सुरात म्हटले जाते. ते ऐकून घरातली मोठी माणसे हसतात आणि नंतर बराच वेळ जपून बोलतात.

खेळाचे मैदान मिळाले की विद्यापीठ सुरू होते. जॉर्ज हर्बर्ट मीड यांच्या व्याख्यानांवरून त्यांच्या मृत्यूनंतर 1934 साली निघालेल्या ग्रंथात मुलांच्या वाढीचे दोन टप्पे सांगितले आहेत. पहिल्यात मूल एका वेळी एकच भूमिका वठवते, डॉक्टर तर डॉक्टर, पोलीस तर पोलीस. दुसऱ्यात ते खऱ्या सामन्यात उतरते आणि प्रत्येक खेळाडू आपल्याकडून काय अपेक्षा करतो हे एकदम डोक्यात ठेवायला शिकते. मीड यांचे उदाहरण बेसबॉलचे होते. चाळीच्या आवारातले क्रिकेट त्यांनी पाहिले असते तर ग्रंथ दुप्पट झाला असता. इथे एक टप्पा पडून झेल घेतला तरी आऊट असतो. चेंडू तळमजल्याच्या खिडकीत थेट गेला तर आऊट, शिवाय तो आणायलाही मारणाऱ्यानेच जायचे. ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग, आणि तो आऊट झाल्यावर घरी निघाला तर निर्णय फिरवायचा. मालमत्ता, कायदा आणि न्यायालयाचे स्वातंत्र्य यांचे परस्परसंबंध मुलांना यापेक्षा लवकर कुठेही कळत नाहीत.

या दोन टप्प्यांच्या मधल्या मुलासाठी मराठी मुलांनी एक स्वतंत्र पद निर्माण केले आहे: कच्चे लिंबू. कोणाचा तरी धाकटा भाऊ ‘मलाही खेळायचंय’ म्हणून रडत येतो आणि त्याला घेतल्याशिवाय मोठ्याला घरून परवानगी नसते. मग त्याला कच्चे लिंबू म्हणून घेतात. तो धावतो, ओरडतो, राज्य कोणावर आहे यावरून भांडतोसुद्धा, पण तो आऊट झाला तरी आऊट नसतो. त्याला शिवले तरी राज्य येत नाही. सुरुवातीला हे सुख वाटते. मग एक दिवस त्याच्या ध्यानात येते की आपल्याला कोणी शिवायला धावतच नाही. त्या दिवशी तो स्वतःहून म्हणतो, ‘माझ्यावर राज्य द्या.’ समाजाचे पूर्ण सदस्यत्व म्हणजे आऊट होण्याचा अधिकार, हे इतके नेमके सांगणारी व्याख्या पाठ्यपुस्तकांत सापडत नाही. मोठेपणीही नव्या कचेरीतले पहिले सहा महिने माणूस कच्चे लिंबूच असतो. त्याच्या चुका हसून सोडून देतात आणि बैठकीत त्याचे मत विचारत नाहीत.

नियम आले कुठून, या प्रश्नाचा छडा झां पियाजे यांनी गोट्यांच्या खेळातून लावला. 1932 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकासाठी त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या मुलांबरोबर बसून गोट्यांचे नियम विचारले. लहान मुलांच्या मते नियम मोठ्यांकडून आलेले आणि त्यामुळे न बदलणारे होते, आणि तरीही ती ते धड पाळत नव्हती. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या मते नियम आपसांत ठरवून बदलता येत होते, आणि ती ते काटेकोर पाळत होती. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जे हजर राहतात त्यांना पहिली अवस्था चाळिशीनंतर परत येते हेही ठाऊक असते.

शाळेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तिथे हाताची घडी आणि तोंडावर बोट या दोन गोष्टी शिकवतात, ज्यांचा पुढच्या आयुष्यात थेट उपयोग फक्त भाषणे ऐकताना होतो. संस्कारांसाठी ‘श्यामची आई’ हे पुस्तक बक्षीस मिळते. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, आणि तेव्हापासून आयांना वाटत आले आहे की ते वाचून मुलगा श्याम व्हावा. मुलांनाही ते वाचून काही मागण्या सुचतात, पण त्या दाखल करून घेतल्या जात नाहीत.

पुढे वय असे येते की घरच्यांच्या डोळ्यांची धार बोथट होते आणि मित्रांच्या भुवयांची वाढते. घरच्यांशी उर्मट बोलणारा मुलगा पँटच्या मापाबाबत कंपूचा शब्द खाली पडू देत नाही. हे त्या वयापुरतेच नाही. सॉलोमन अ‍ॅश यांनी 1951 च्या सुमारास कॉलेजातल्या तरुणांना कागदावरच्या रेघा दाखवून कोणत्या दोन सारख्या लांबीच्या आहेत ते विचारले. खोलीतल्या बाकीच्यांना आधीच पढवून ठेवले होते आणि ते ठरल्याप्रमाणे धडधडीत चुकीचे उत्तर देत. साधारण एकतृतीयांश उत्तरांत न पढवलेल्या बिचाऱ्या तरुणानेही तेच चुकीचे उत्तर दिले, आणि निदान एकदा तरी वाहवत गेलेले सुमारे तीनचतुर्थांश निघाले.

रेघांऐवजी राग यमन घेतला तर हाच प्रयोग पुण्यात दर डिसेंबरात पाहता येतो. भीमसेन जोशी यांनी 1953 साली आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात पहिल्यांदाच आलेला श्रोता गाण्याकडे कमी आणि शेजारच्या मफलरवाल्या गृहस्थांकडे जास्त बघत असतो. गृहस्थांची मान हलली की याची मान हलते. ते मांडीवर ताल धरतात, हाही धरतो, फक्त याचा तालाशी संबंध नसतो. समेवर सगळा मंडप ‘वा!’ म्हणतो तेव्हा याचा ‘वा’ किंचित मागून येतो आणि एकटाच ऐकू जातो. दुसऱ्या वर्षी तो वेळेवर येतो. तिसऱ्या वर्षी तो स्वतः मफलर घेतो आणि शेजारच्या नवख्याला मान कधी हलवायची ते न सांगता शिकवतो. या बाबतीत हसून घेण्याआधी न्यूयॉर्कचे श्रोते आठवावेत. 1 ऑगस्ट 1971 रोजी बांगलादेशच्या मदतीसाठी झालेल्या कार्यक्रमात रविशंकर आणि त्यांचे साथीदार वाद्ये जुळवून थांबले, तर तिथे टाळ्यांचा कडकडाट झाला. जुळवणी एवढी आवडली तर वादनही आवडेल अशी आशा आहे, असे रविशंकर अत्यंत सभ्यपणे म्हणाले.

प्रौढपणी माणूस दोन माणसे होतो, एक घरातला आणि एक दारातला. अर्व्हिंग गॉफमन यांनी सामाजिक जीवनाचे वर्णन रंगभूमीच्या भाषेत केले: पुढे रंगमंच, मागे रंगपट. मराठी घरात या दोहोंमधला पडदा म्हणजे दाराची बेल. बेल वाजते आणि बनियनवर बसलेला कुटुंबप्रमुख उठून आत पळतो. खुंटीवरचा सदरा अंगात चढेपर्यंत दार कोणी उघडायचे नसते. सोफ्यावरची वाळत घातलेली लुंगी नाहीशी होते, दूरदर्शनचा आवाज कमी होतो, कान असलेल्या कपांचा संच फडताळातून खाली येतो. दार उघडते आणि बाहेर कुरिअरवाला असतो.

आणि हा सगळा डोलारा किती नाजूक आहे हे हॅरल्ड गार्फिंकेल यांनी मुद्दाम धक्का देऊन पाहिले. त्यांनी अमेरिकेतल्या आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले की घरी जा आणि काही वेळ परक्यासारखे, खानावळीतल्या सभ्य पाहुण्यासारखे वागा. विचारल्याशिवाय बोलू नका, अदबीने बोला. घरोघरी गोंधळ उडाला. बरे नाही का, अभ्यासाचा ताण आला का, भांडण झाले का, अशी चौकशी सुरू झाली. हा गृहपाठ मराठी घरात दिला तर उत्तर लवकर मिळेल. कॉलेजातल्या मुलाने स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ‘आई, तुझी हरकत नसेल तर थोडं पाणी घेऊ का?’ असे विचारले तर आई कढईवरून नजर न काढता म्हणेल, ‘किती हवेत?’

एका शहरातला उद्धटपणा दुसऱ्या शहरातला कायदा असतो. स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विद्यार्थ्यांना पाठवले. बसलेल्या प्रवाशाकडे, काहीही कारण न देता, त्याची जागा मागायची. दोनतृतीयांशांहून अधिक वेळा प्रवाशांनी जागा दिली किंवा सरकून घेतले. अवघड गेले ते मागणाऱ्यांना. मिलग्रॅम स्वतः मागायला गेले तेव्हा शब्द घशात अडकले, आणि जागा मिळाल्यावर आपण खरोखर आजारी आहोत असे दाखवावे असे त्यांना वाटू लागले. मुंबईच्या लोकलमध्ये मिलग्रॅम यांच्या विद्यार्थ्यांकडे कोणी वळूनही पाहिले नसते. इथे गाडीत शिरल्यावर बसलेल्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्नच ‘कुठे?’ असा असतो. ‘ठाणे’ असे उत्तर आले की ती जागा ठाण्यापासून विचारणाऱ्याची झाली. पावती नाही, साक्षीदार नाही, आणि तरीही हा व्यवहार सहसा मोडत नाही. मोडणाऱ्याला अख्खा डबा शिकवतो.

चौथ्या सीटचे शास्त्र तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय. बाक तिघांचा. ‘जरा सरकता का’ म्हणून चौथा कडेला टेकतो आणि त्याचे अर्धे वजन बाकावर, अर्धे स्वतःच्या पायावर असते. चौथ्याने पाठ टेकायची नाही, पेपर पूर्ण उघडायचा नाही आणि झोपायचे तर समोर वाकून झोपायचे. खिडकीवाला उठला की सगळे एकेक जागा आत सरकतात आणि चौथा तिसरा होतो. तिसरा होताच तो चौथ्यासाठी पूर्वीइतका सरकत नाही. हा बदल व्हायला अर्धे मिनिटही लागत नाही. दारातले नियम आणखी कडक आहेत. फास्ट गाडीने कुर्ला सोडले की दादरला उतरणाऱ्यांची रांग लागते आणि मागचा पुढच्याला विचारतो, ‘दादर ना?’ नाही म्हणणाऱ्याने तत्काळ जागा बदलायची असते. ज्याला हे माहीत नसते तो नवखा दादरला उतरतो. त्याला उतरायचे नव्हते, पण तो मुद्दा गौण आहे.

लग्न हा पुनर्शिक्षणाचा मोठा वर्ग. आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी 1909 साली संस्कारविधींचे तीन भाग सांगितले: जुन्यातून सुटणे, मध्ये अधांतरी राहणे, नव्यात सामील होणे. अंतरपाट, मंगलाष्टके आणि माप ओलांडणे पाहिलेल्याला हे समजावून सांगावे लागत नाही. अधांतरी अवस्था मात्र विधी संपल्यावर खरी सुरू होते. वीस-पंचवीस वर्षे एका घरच्या रीती बिनचूक शिकलेल्या मुलीला कळते की आमटीत गूळ घालायचा नसतो, किंवा घालायचा असतो, आणि दुधाचे पातेले डावीकडच्या शेगडीवर ठेवणारी माणसे जगात फक्त तिच्या माहेरीच आहेत. हे सगळे ‘आमच्याकडे ना’ या दोन शब्दांनी सुरू होते. उखाण्याची गंमत तर पाहण्यासारखी आहे. दिवसभर नवऱ्याला नावाने हाक मारणारी आणि अरे-तुरे करणारी नवी नवरी ‘नाव घे’ म्हटल्याबरोबर खाली मान घालून लाजते, कारण नाव न घेण्याची रीत गेली तरी नाव घेताना लाजण्याची रीत राहिली आहे. जावयाचे शिक्षण सोपे. त्याला सासरी ताट उचलायचे नाही एवढेच शिकावे लागते, आणि ते तो पहिल्या दिवशी शिकतो.

मध्यमवयात माणूस विद्यार्थी राहत नाही, परीक्षक होतो. पानात मीठ वर मधोमध, लिंबू-चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे, हे त्याला आता झोपेतही कळते. पंगतीत वाढणाऱ्यांची बढती ठरलेली असे. लहान मुलांकडे मीठ आणि लिंबाची फोड, मोठ्या मुलांकडे पाणी, तरुणांकडे भात आणि जिलेबी. तुपाचे भांडे मात्र घरच्याच, हात आखडता असूनही तसा न दिसणाऱ्या माणसाकडे. बुफे आल्यापासून ही शाळा बंद पडली. जिथे अजून टेबलाची पंगत असते तिथे यजमान हात जोडून ‘सावकाश होऊ द्या’ म्हणत फिरतात आणि प्रत्येक जेवणाऱ्याच्या खुर्चीची पाठ धरून पुढच्या पंगतीचा माणूस उभा असतो. दोन्ही सूचना एकाच वेळी पाळत जेवणे हे प्रौढ माणसालाच जमते.

आहेराचे तेच. निमंत्रणपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असे छापलेले असते आणि पाकिटावर एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करायचे नाही, निदान साखर घालायची. हळदीकुंकवात मिळालेले वाण पुढे देता येते, मात्र स्टीलच्या वाटीवर देणाऱ्याने नाव घालून घेतले असेल तर ती जन्माची घरात राहते.

परदेशी गेलेल्यांना मधूनच पहिलीत बसावे लागते. लंडनला महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, त्यामुळे गणपती आणि कोजागरीपुरती सोय होते. अडचण येते गोऱ्या सहकाऱ्याच्या घरी. यजमान केक पुढे करतो. पाहुणा रीतीप्रमाणे ‘नको नको’ म्हणतो. यजमान ‘बरं’ म्हणून केक आत नेतो. तो परत येत नाही. उलट तिकडे वाढलेला नातू सुट्टीत पुण्याला येतो, पहिल्याच आग्रहाला ‘हो, दोन द्या’ म्हणतो, आणि आजी कौतुकाने ‘मोकळा आहे हो’ असे म्हणत आईकडे ते जुने डोळे करते.

म्हातारपणी गुरुशिष्यांच्या जागा बदलतात. ज्याला ‘काकांना नमस्कार कर’ म्हणून शिकवले तो नातू आता आजोबांना व्हॉट्सअ‍ॅपवर कसे वागावे ते शिकवतो. फोन कानाला लावला की व्हिडिओ कॉलवर अमेरिकेतल्या मुलीला फक्त कानशील दिसते, हे पहिले. निळ्या खुणा उमटल्यावर उत्तर न देणे हा अपमान आहे, हे दुसरे. नुसता अंगठा पाठवला तर तरुण मंडळी रागावलात का म्हणून विचारतात, हे आजोबांना कधीच पटत नाही. जोडलेले हात त्यांना फार आवडतात, कारण ते नमस्कार, आभार, सहानुभूती आणि ‘आता वाद पुरे’ या सगळ्याला चालतात. कुटुंबाच्या गटात वारल्याची बातमी येते, तिच्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची ओळ लागते, आणि मध्येच तीन दिवस गट न उघडलेले नाशिकचे काका खालून वर वाचत न येता ‘अभिनंदन’ लिहून जातात. ते पुसायला सांगण्यासाठी कोणाला तरी फोन करावा लागतो. गट सोडणे हा शेवटचा उपाय, पण पूर्वी रुसून लग्नाला न येणाऱ्याची बातमी हळूहळू पसरे, इथे ती 2022 पर्यंत सगळ्यांना एकदम दिसे.

मृत्यूच्या घरचे नियम सर्वांत शेवटी येतात, कारण ते कोणीच कोणाला आधी सांगत नाही. दारातून निघताना ‘जातो’ म्हणू नये, ‘येतो’ म्हणावे, असे जन्मभर शिकलेल्या माणसाला इथे ‘येतो’ही म्हणायचे नाही, काहीच न बोलता निघायचे, हे मागून कोणीतरी कोपर मारल्यावर कळते. घरच्यांना काय बोलावे ते सुचत नाही म्हणून बहुतेक लोक ‘कसं झालं?’ असे विचारतात, आणि घरच्यांना तीच हकीकत दिवसभर सांगावी लागते. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत तीही नीट बसते.

मृत व्यक्तीलाही लगेच सुटका नाही. दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवतात आणि सगळे नातेवाईक हात जोडून लांब उभे राहतात. कावळा शिवला तर गेलेला माणूस समाधानाने गेला. कावळा शिवत नाही. मग इच्छा काय राहिली असेल याची चर्चा सुरू होते. ‘धाकट्याचं लग्न लावून देऊ’, असे थोरला मोठ्याने म्हणतो. कावळा झाडावरच. ‘आईला आम्ही सांभाळू’, धाकटा म्हणतो. कावळा मान वाकडी करून बघतो, उडतो आणि शेजारच्यांच्या पिंडावर बसतो. कोणीतरी हळूच गावच्या जमिनीचा विषय काढतो आणि थोरला आणि धाकटा एकमेकांकडे बघतात. ऊन चढते, लहान मुलांना भूक लागते, गुरुजींना पुढे दुसरीकडे जायचे असते. कावळ्याला यातले काहीच शिकवलेले नसते, आणि शास्त्रकारांना ते माहीत होते. गुरुजी दर्भाच्या काड्या घेऊन त्यांचा कावळा वळतात, तो पिंडाला लावतात आणि शिवला असे जाहीर करतात. सगळे हात खाली सोडतात, चपला शोधतात आणि गाड्यांत कोण कुठे बसणार हे ठरवू लागतात.